ग्रेडी हॉस्पिटलची वेटिंग रूम, लहानपणीचा मार आणि एफकेबीपी5 नावाचं जीन

डिप्रेशन म्हणजे मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी पडणं आणि पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) म्हणजे युद्धावरून परतलेल्या सैनिकांना होणारा आजार, हे इतक्या लोकांनी इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यावर कोणी प्रश्नच विचारत नाही. दोन्ही गोष्टी अर्धवट आहेत आणि त्याने नुकसान होतं, कारण जिला लहानपणी घरातच मार पडलाय, जिला तीस वर्षांनंतरही दार आपटल्याचा आवाज आला की धडधडायला लागतं, अशा बाईला पीटीएसडी असू शकतो हे तिच्या डॉक्टरलाही सुचत नाही, आणि तिला स्वतःला तर नाहीच नाही. म्हणून आज एकच प्रकरण घेऊन ते शेवटपर्यंत मांडतेय. ते अमेरिकेतल्या अटलांटा शहरातलं आहे. ताण, मेंदूतली रसायनं आणि जीनवरचं (म्हणजे जनुकांवरचं) नियंत्रण ह्या तिन्हींचा माग एकाच हॉस्पिटलच्या पेशंटमधे इतक्या चिकाटीने काढलेला मला दुसरीकडे दिसला नाही.

अटलांटाच्या मधोमध ग्रेडी मेमोरियल हे मोठं सार्वजनिक हॉस्पिटल आहे, 1892 साली सुरू झालेलं. गरिबांचा, इन्शुरन्स नसलेल्यांचा तोच मोठा आधार, आणि गोळी लागलेला, अपघात झालेला माणूस त्या भागात बहुतेक वेळा तिथेच आणला जातो. कित्येक दशकं तिथे गोऱ्या आणि काळ्या पेशंटचे विभाग वेगळे होते. आजही तिथे येणारे बहुतेक पेशंट कृष्णवर्णीय, हातावर पोट असलेले किंवा बेरोजगार, आणि राहायला अशा वस्त्यांमधे जिथे हिंसा रोजची आहे.

2005 च्या आसपास इमोरी युनिव्हर्सिटीतले मानसोपचारतज्ज्ञ केरी रेसलर आणि त्यांच्या टीमने इथे ग्रेडी ट्रॉमा प्रोजेक्ट सुरू केला. पद्धत साधी होती. बीपीसाठी, शुगरसाठी, बाळंतपणाच्या तपासणीसाठी जे लोक वेटिंग एरियात बसलेले असायचे त्यांच्याकडे जाऊन विचारायचं, बोलाल का? जे हो म्हणतील त्यांच्याशी तास-सव्वा तास बोलायचं, प्रश्न वाचून दाखवायचे म्हणजे वाचता येत नसलं तरी अडत नाही, लहानपणी मारहाण झाली का, लैंगिक अत्याचार झाले का, घरात सतत हिणवलं गेलं का, मोठेपणी काय काय बघितलं सोसलं, झोप कशी आहे, तेच तेच डोळ्यासमोर येतं का. आणि शेवटी डीएनएसाठी लाळेचा सॅम्पल घ्यायचा.

हे लोक मानसोपचाराच्या ओपीडीत आलेले नव्हते हे लक्षात ठेवा, सगळ्या प्रकरणाचा पाया तोच आहे. 2009 मधे ह्या टीमने आकडे छापले तेव्हा जवळपास 88 टक्के लोकांनी आयुष्यात कधी ना कधी मोठा आघात सोसलेला निघाला, आणि साधारण 46 टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी पीटीएसडी होऊन गेलेला किंवा चालू असलेला. म्हणजे जवळजवळ निम्मे! युद्धावरून आलेल्या सैनिकांमधेही एवढं प्रमाण सहसा सापडत नाही, आणि हे लोक शुगरची गोळी घेऊन घरी जात होते, कारण त्याबद्दल कोणी विचारलेलंच नव्हतं.

पण उरलेल्या अर्ध्यांचं काय? तीच वस्ती, तीच गरिबी, तसेच प्रसंग, तरी त्यांना आजार झाला नाही. ह्यातूनच संशोधन पुढे सरकलं. "मनाने खंबीर होते" असं म्हणून विषय संपवता येतो, आपल्याकडे तो तसाच संपवतात, पण ते काही उत्तर नाही. शरीरात नेमकं काय वेगळं होतं ते शोधायचं होतं.

त्यासाठी आधी ताण आला की मेंदूत काय होतं ते थोडक्यात बघू. धोका दिसला की ॲमिग्डाला नावाचा छोटासा भाग पेटतो, मेंदूच्या देठातून नॉरॲड्रेनालिन सुटतं, हे सगळं काही सेकंदांत, म्हणून आपण दचकतो, घाम फुटतो. त्याच वेळी दुसरी साखळी हलते, ती जरा सावकाश: मेंदूतल्याच हायपोथॅलॅमस ह्या भागातून सीआरएच नावाचं हार्मोन निघतं, त्याने पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं हार्मोन सोडते, ते रक्तातून मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत पोचतं आणि तिथून कॉर्टिसोल येतं. कॉर्टिसोलला लोक उगाच खलनायक करतात, रीलवर तर "कॉर्टिसोल कमी करा" हा धंदाच झालाय, पण ते नसेल तर माणूस जगणार नाही. ते पेशीत शिरतं, तिथल्या ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या प्रोटीनला, चिकटतं, ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाते, डीएनएवर ठरावीक जागी बसते आणि शेकडो जीनचं काम वाढवते किंवा कमी करते. म्हणजे मेंदूची रसायनं आणि जीनचं नियंत्रण हे दोन वेगळे विषय नाहीत, तणावाचं हार्मोन हे मुळात जीनवर काम करणारंच हार्मोन आहे.

आणि हेच कॉर्टिसोल परत हायपोथॅलॅमसला आणि पिट्युटरीला सांगतं की बास, आता थांबवा. गच्चीवरची टाकी भरली की बॉलकॉक वर येऊन पाणी बंद होतं ना, तसंच हे आहे. धोका संपला की अर्ध्या-एक तासात सगळं जागेवर यायला लागलं पाहिजे. ज्याचा बॉलकॉक अडकतो त्याच्याकडे पाणी वाहत राहतं.

आता एफकेबीपी5. हे जीन आपल्या सहाव्या क्रोमोसोमवर आहे आणि त्यापासून एफकेबीपी51 नावाचं प्रोटीन बनतं. हे प्रोटीन कॉर्टिसोलच्या रिसेप्टरला लागून बसतं आणि त्याची कॉर्टिसोल धरण्याची ताकद कमी करतं, त्याला केंद्रकात जायलाही अडवतं. गंमत म्हणजे कॉर्टिसोल वाढलं की एफकेबीपी5 चं कामही वाढतं, म्हणजे रिसेप्टर स्वतःच्याच कामाला आवर घालणारं प्रोटीन बनवून घेतो, पेशीच्या आतल्या आत, काही तासांत. हे प्रमाणात असलं तर उत्तम, पण ते फार जोरात बनायला लागलं तर रिसेप्टर बधिर होतो, "बास" हा निरोप पोचत नाही आणि कॉर्टिसोल रेंगाळतं. दक्षिण अमेरिकेतल्या स्क्विरल माकडांमधे हे निसर्गतःच टोकाला गेलेलं आहे, त्यांच्या अंगात हे प्रोटीन भरपूर, म्हणून रक्तात कॉर्टिसोल माणसाच्या कितीतरी पट असूनही त्यांना काही होत नाही. त्या माकडांमुळेच शास्त्रज्ञांचं ह्या प्रोटीनकडे नीट लक्ष गेलं.

एलिझाबेथ बिंडर ह्या संशोधिकेने म्युनिकच्या मॅक्स प्लांक मानसोपचार संस्थेत 2004 मधेच दाखवलं होतं की एफकेबीपी5 मधला ठरावीक फरक असलेल्या डिप्रेशनच्या पेशंटमधे औषधाचा गुण लवकर येतो, आणि त्यांनाच डिप्रेशनचे झटके जास्त वेळा आलेले असतात. एकाच फरकाचे दोन परिणाम, एक बरा एक वाईट. म्हणून "चांगलं जीन, वाईट जीन" ही भाषा मला अजिबात पटत नाही, हे जीन ताणाला जोरात प्रतिसाद देणारं आहे एवढंच म्हणावं.

बिंडर आणि रेसलर यांनी मग ग्रेडीचे सॅम्पल घेतले. मार्च 2008 मधे जामा ह्या मेडिकल जर्नलमधे पेपर आला, 900 पेशंट, 95 टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय. निष्कर्ष असा की एफकेबीपी5 मधले फरक एकटे बघितले तर पीटीएसडीशी काहीच संबंध नाही. काहीच नाही! मोठेपणीचे आघात आणि हे फरक एकत्र बघितले तरीही नाही. पण लहानपणीचा छळ आणि हे फरक एकत्र आले की चित्र बदलतं, तिथे मोठेपणीच्या लक्षणांची तीव्रता जीनच्या प्रकाराप्रमाणे स्पष्ट वेगळी दिसते. ज्यांच्याकडे जोखमीचा प्रकार, म्हणजे छळाबरोबर आला की लक्षणं वाढवणारा फरक, आहे पण लहानपण धड गेलंय, त्यांना जास्तीचा धोका दिसला नाही. वय, स्त्री-पुरुष, डिप्रेशन, मोठेपणीचे आघात, वांशिक मूळ हे सगळं हिशोबात धरूनही निकाल टिकला.

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे, कारण "आमच्या घराण्यातच आहे" हे वाक्य आपण किती सहज बोलतो. ग्रेडीचा आकडा सांगतो की घराण्यातून जे आलं त्याने एकट्याने काही केलं नाही, त्याला लहान मुलावर उगारलेला हात लागला.

पण लहानपणीच का? चाळीस वर्षांच्या माणसावर चाकूहल्ला झाला तर तोही काही कमी आघात नाही, मग जीनशी त्याची गाठ का पडत नाही? ह्याचं उत्तर 2013 च्या सुरुवातीला नेचर न्यूरोसायन्समधे छापलेल्या पेपरमधे आलं, टॉर्स्टन क्लेंगेल, बिंडर आणि सहकाऱ्यांचा. ह्या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हाच.

डीएनएची अक्षरं जन्मभर तीच राहतात, पण त्यांच्यावर मिथाइल नावाचा छोटासा रासायनिक गट चिकटलेला असतो, काही जागी असतो काही जागी नसतो, आणि तो कुठे आहे यावर ते जीन किती काम करणार हे बऱ्याच अंशी ठरतं. ह्याला मेथिलेशन म्हणतात. एफकेबीपी5 च्या आतल्या एका भागात, इंट्रॉन 7 मधे, कॉर्टिसोलचा रिसेप्टर येऊन बसतो अशा जागा आहेत आणि त्यांच्या आसपास हे मिथाइल गट असतात. टीमला दिसलं की ज्यांच्याकडे जोखमीचा प्रकार आहे आणि ज्यांचा लहानपणी छळ झाला, त्यांच्यात ह्या जागांवरचे मिथाइल गट कमी झालेले आहेत. फक्त जोखमीचा प्रकार असला तर नाही, नुसता छळ झाला आणि जीनचा दुसरा प्रकार असला तरी नाही, आणि मोठेपणीच्या आघातानेही नाही.

कसं घडत असावं ते असं. जोखमीच्या प्रकारात डीएनएचा धागा वेगळा वळतो, त्यामुळे कॉर्टिसोल आलं की एफकेबीपी5 जास्त जोरात चालू होतं, रिसेप्टर बधिर होतो, कॉर्टिसोल जास्त वेळ रेंगाळतं. लहान मुलाच्या बाबतीत हे आठवड्यातून चार वेळा, वर्षानुवर्षं होत राहिलं, कारण मारणारा माणूस घरातच आहे आणि पळून जायला जागा नाही, की ते रेंगाळलेलं कॉर्टिसोल त्या इंट्रॉन 7 च्या जागांवर पुन्हा पुन्हा रिसेप्टर पाठवतं आणि तिथले मिथाइल गट निघून जातात. मग ते जीन पुढच्या वेळी अजूनच सहज चालू होतं. मार थांबतो, मूल मोठं होतं, घर सोडतं, पण ती खूण डीएनएवर तशीच. तीस वर्षांनी साधा ताण आला तरी शरीर त्याच जुन्या जोरात उत्तर देतं.

ही टीम माणसांच्या रक्तावर थांबली नाही. त्यांनी मानवी हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे आठवणींशी संबंधित मेंदूच्या भागाच्या, अजून पक्क्या न झालेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्यांच्यावर डेक्सामेथासोन टाकलं, जे कॉर्टिसोलसारखंच पण जास्त ताकदीचं औषध आहे. पेशी वाढत असताना, घडत असताना ते दिलं तर मिथाइल गट गेले आणि औषध बंद केल्यावरही परत आले नाहीत. पेशी पूर्ण घडल्यावर तेच औषध दिलं तर तसं झालं नाही. घडण्याच्या काळातच ही खूण उमटते, हे निदान बशीतल्या पेशींमधे तरी डोळ्यासमोर दिसलं.

आता ग्रेडीच्याच लोकांवरचा अजून एक पेपर, दिव्या मेहता आणि सहकाऱ्यांचा, 2013 मधेच आलेला. समजा दोन बायका आहेत, दोघींना पीटीएसडी, दोघींची लक्षणं सारखी, वाईट स्वप्नं, दचकणं, लोकांपासून दूर राहणं, डॉक्टर दोघींच्या केसपेपरवर एकच नाव लिहितील. एकीचं लहानपण बरं गेलं आणि मोठेपणी तिच्यावर हल्ला झाला. दुसरीचा छळ लहानपणापासून. पेपरमधे अशा दोन गटांच्या रक्तातल्या पेशींमधे कोणती जीन वर-खाली झालीत ते मोजलं, तर दोन्ही गटांतले बदल जवळपास 98 टक्के वेगळे निघाले. आणि मेथिलेशनशी जोडलेले बदल लहानपणी छळ झालेल्या गटात 12 पटींपर्यंत जास्त. एकच निदान आणि आत दोन वेगळे आजार म्हणावेत इतका फरक. मग एकच गोळी एकीला लागू पडते आणि दुसरीला पडत नाही ह्यात नवल काय, आणि ज्या दुसरीला पडत नाही तिला "तुम्हीच प्रयत्न करत नाही" असं ऐकवलं जातं, हे मला फार क्रूर वाटतं.

ह्यात कॉर्टिसोलचं एक जुनं कोडंही बसतं. लोकांना वाटतं पीटीएसडी म्हणजे कॉर्टिसोल सतत जास्त. पण पीटीएसडीवर काम करणाऱ्या संशोधिका रेचेल येहुदा यांनी कित्येक वर्षांपूर्वी युद्धातून आलेल्या सैनिकांमधे दाखवलं की उलट कॉर्टिसोल कमीही असू शकतं, आणि रात्री डेक्सामेथासोनची छोटीशी गोळी दिली तर सकाळी ते प्रमाणाबाहेर खाली जातं, तर तीव्र डिप्रेशनमधे बऱ्याच जणांचं ते पाहिजे तितकं खाली जातच नाही. ग्रेडीत दिसलं की पीटीएसडी असलेल्यांमधेही हे एफकेबीपी5 च्या प्रकाराप्रमाणे वेगवेगळं असतं. त्यामुळे कोणी पाचशे-हजार रुपयांत कॉर्टिसोल टेस्ट करून "तुम्हाला ट्रॉमा आहे की नाही" सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, एका आकड्यावरून ते कळत नाही.

मेंदू प्रत्यक्ष काय करतो हेही तिथे बघितलं गेलं. तान्या जोव्हानोविक यांच्या प्रयोगात स्क्रीनवर रंगीत आकार दाखवायचे, एका आकारानंतर गळ्यावर हवेचा जोराचा झोत येतो, दुसऱ्यानंतर काहीच येत नाही, आणि डोळ्याजवळ इलेक्ट्रोड लावून पापणी किती जोरात मिटते ते मोजायचं. निरोगी माणूस लवकर शिकतो की हा दुसरा आकार दिसला की घाबरायचं कारण नाही. पीटीएसडी असलेल्यांना कुठे धोका आहे हे कळतं, कुठे धोका नाही हे कळूनही शरीर सैल पडत नाही. आणि नुसतं डिप्रेशन असलेल्यांमधे ही अडचण दिसली नाही. घरच्यांनी "अगं आता काय भीती, आता तर सगळं चांगलं आहे" असं कितीही समजावलं तरी फरक का पडत नाही ते ह्यावरून कळावं. तिला ते ठाऊक असतं.

बायकांमधे पीटीएसडीचं प्रमाण पुरुषांच्या साधारण दुप्पट असतं. त्यावरही ग्रेडीतून एक दुवा मिळाला. 2011 मधे रेसलर यांच्या टीमने नेचरमधे लिहिलं की पीएसीएपी नावाचं ताणाशी संबंधित रसायन आणि त्याचा रिसेप्टर यांचा पीटीएसडीशी संबंध दिसतोय, पण फक्त बायकांमधे, आणि त्या रिसेप्टरच्या जीनमधला तो फरक नेमका इस्ट्रोजेन जिथे काम करतं त्या जागेवर आहे. "बायका हळव्या असतात" ह्यापेक्षा हे उत्तर कितीतरी सरळ आहे. बायकांवर कोणत्या प्रकारचे अत्याचार होतात हा भाग आहेच, तो कुठल्याही जीनने झाकला जाणार नाही.

आता ह्या सगळ्याच्या मर्यादा, कारण त्या न सांगता हे पुढे पाठवलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. माणसांमधलं मेथिलेशन मोजलं ते मुख्यतः रक्तात आणि लाळेत, जिवंत माणसाच्या मेंदूतून तुकडा काढता येत नाही, आणि रक्तातली खूण मेंदूत तशीच असेल असं नाही. लहानपणीचा छळ मोठेपणी विचारून नोंदवलेला आहे, आणि आठवणीत कमी-जास्त होतंच. शिवाय ठरावीक एकच जीन धरून अभ्यास करायची जी पद्धत त्या काळात होती ती बऱ्याच ठिकाणी तोंडावर आपटली. 2003 मधे सेरोटोनिनशी संबंधित एका जीनबद्दल असाच गाजावाजा झाला होता, ताण अधिक जीन बरोबर डिप्रेशन, आणि 2009 मधे चौदा अभ्यास एकत्र करून बघितले तर त्यात दम राहिला नाही. 2019 मधे तर डिप्रेशनच्या नावावर सांगितली जाणारी अठरा प्रसिद्ध जीन मोठ्या डेटावर तपासली गेली, एकही टिकलं नाही. एफकेबीपी5 चं तुलनेने बरं आहे, 2018 मधे त्यावरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा लहानपणीचा ताण आणि हे जीन यांचा एकत्रित परिणाम दिसला, आणि इथे पेशीतलं यंत्र कसं चालतं हेही समजलेलं आहे. तरी ते मोठ्या चित्रातला एक तुकडा आहे. 2024 मधे बारा लाखांपेक्षा जास्त लोकांच्या डीएनएचा पीटीएसडीसाठी अभ्यास छापला गेला, त्यात डीएनएवरच्या 95 जागांचा संबंध सापडला, प्रत्येकीचा वाटा अगदी थोडा. "पीटीएसडीचं जीन" असं काही नसतं.

आणि पिढ्यानपिढ्या ट्रॉमा डीएनएतून उतरतो असं जे सगळीकडे फिरतं, त्याचा बराचसा आधार येहुदा यांचा 2016 चा अभ्यास आहे, नाझी छळछावण्यांतून वाचलेले ज्यू लोक आणि त्यांची मुलं, एफकेबीपी5 वरच. त्यात वाचलेले 32 आणि मुलं 22. एवढ्या छोट्या अभ्यासावरून मोठी विधानं करू नयेत, आणि ती मुलं त्याच आईबापांच्या घरात वाढली, तेव्हा काय रक्तातून आलं आणि काय घरातल्या वातावरणातून हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

आपल्याशी संबंध म्हणाल तर 2007 मधे केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांत मुलांवरच्या अत्याचारांचा अभ्यास केला, महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. दर तीन मुलांपैकी दोघांना शारीरिक मारहाण आणि 53 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला. हे वाचून ग्रेडीची वेटिंग रूम लांबची वाटत नाही. "छडी लागे छमछम" आपण कौतुकाने म्हणतो, "आम्हालाही मार पडला, आम्ही काय वाया गेलो का" हेही म्हणतो, आणि ते म्हणणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे जोखमीचा प्रकार नव्हता त्यांच्यापुरतं ते कदाचित खरंही असेल. कोणाच्या मुलाकडे कोणता प्रकार आहे हे हात उगारणाऱ्याला माहीत नसतं. सध्या एखादं मूल त्रासात असेल तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा 1098 आणि मोठ्या माणसाला स्वतःसाठी बोलायचं असेल तर टेलि-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, दोन्ही नंबर फुकट आहेत, तेवढे सेव्ह करून ठेवा.

उपचारांचं काय? एफकेबीपी51 ला थेट रोखणारी संयुगं तयार झालीत, फेलिक्स हाउश यांच्या गटाने 2015 मधे असं एक दाखवलं ज्याने उंदरांची भीती कमी झाली. माणसासाठी मंजूर झालेलं औषध त्यातून अजून आलेलं नाही. पण मला जास्त आशा वाटते ती ग्रेडीच्याच इमर्जन्सी विभागात झालेल्या कामामुळे, बार्बरा रॉथबॉम यांचं. बलात्कार, अपघात, हल्ला अशा प्रसंगानंतर जे तिथे आणले गेले अशा 137 जणांवर हा प्रयोग झाला. अर्ध्यांची नेहमीप्रमाणे नोंद आणि तपासणी, आणि अर्ध्यांना त्याच दिवशी, साधारण बारा तासांच्या आत, पहिलं सेशन. प्रशिक्षित थेरपिस्टसमोर काय घडलं ते पुन्हा सांगायचं, ते रेकॉर्ड करून द्यायचं, घरी ऐकायचं, श्वासाचा साधा व्यायाम, कोणत्या गोष्टी टाळायला लागलोय त्याकडे लक्ष, आणि आठवड्याच्या अंतराने एकूण तीन सेशन. चार आणि बारा आठवड्यांनी बघितलं तर ज्यांना सेशन मिळाली त्यांच्यात पीटीएसडीची लक्षणं कमी. कोणीही उठून पीडितेला सगळं पुन्हा सांगायला लावावं असा ह्याचा अर्थ नाही बरं का, शिकलेल्या माणसाने ठरावीक पद्धतीने केलं तरच.

2014 मधे त्यांनी त्यातल्याच 65 जणांचं डीएनए तपासलं, ताणाशी संबंधित दहा जागा मिळून जोखीम किती ते मोजलं. ज्यांना सेशन मिळाली नाहीत त्यांच्यात जनुकीय जोखीम जास्त तशी बारा आठवड्यांनंतरची लक्षणं जास्त. ज्यांना मिळाली त्यांच्यात तो संबंध दिसला नाही, जोखीम जास्त असलेलेही सावरले. 65 हा आकडा लहान आहे, टीमने स्वतः ह्याला प्राथमिक अभ्यासच म्हटलंय, मोठ्या संख्येवर ते पुन्हा व्हायला हवं. पण त्यासाठी लागलं काय, तर तीन तास, एक प्रशिक्षित माणूस आणि इमर्जन्सीत एक बंद खोली. एवढं आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमधेही करून बघता येईल, आणि जनरल ओपीडीच्या केसपेपरवर शुगर-बीपीच्या खाली "लहानपणी घरात मारहाण किंवा अत्याचार झाले होते का" ही एक ओळ वाढवायला तर तेवढंही लागत नाही.